माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर काम करायचं तर कागद कुठून उघडायचे

सुरुवात नावापासून करा, पहिली चूक तिथेच होते. मुंबईला एल्फिन्स्टन आडनावाचे दोन गव्हर्नर होऊन गेले. माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९) १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होता, तर त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन १८५३ ते १८६० मध्ये. एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचं. पण एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आताचं प्रभादेवी) आणि आजच्या हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव पुतण्यावरून पडलं. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याची फौज कापली गेली तो जनरल विल्यम तिसराच. सूचीत नुसतं आडनाव असेल तर आधी वर्ष बघा. मराठी कागदांत माउंटस्टुअर्ट ‘अल्पिष्टन’ असा भेटतो, तेही वहीत टिपून ठेवा.

मग एका पानावर कालपट मांडा: १७९६ कलकत्ता, १८०४ नागपूर, १८०८-०९ पेशावरची वकिली (म्हणजे राजदूतकी), १८११ पुण्याचा रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी), १८१८ दख्खनचा कमिशनर, नोव्हेंबर १८१९ मुंबईचा गव्हर्नर. प्रत्येक नोंदीसमोर एक रकाना ठेवा: तो तेव्हा कोणाला पत्रं लिहीत होता? हा रकाना टाळू नका. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्याची पुस्तकं, कागद त्यात गेले. त्यामुळे पुण्याच्या वर्षांसाठी पत्र जिथे पोचलं तिथली प्रत शोधावी लागते. गव्हर्नर जनरलकडे गेलेली पत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघा, मुंबई सरकारला आलेली मुंबईच्या पुराभिलेखागारात. खासगी पत्रं आणि रोजनिशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एमएसएस युर एफ ८८’ या संग्रहात आहेत.

गव्हर्नरकीच्या आठ वर्षांचे कागद खात्यांनुसार लागतात: पोलिटिकल, रेव्हेन्यू, ज्युडिशियल, जनरल. मागणी करताना खातं, वर्ष आणि खंड क्रमांक द्या. उतारा घेताना पानही लिहा, नाहीतर परत तोच कागद सापडत नाही. शाईचं पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या. पत्रात ‘१२ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची १२ आणि ‘१२ अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्याची. हे उलटं धरलं तर घटनाक्रम महिनाभराने सरकतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सेक्रेटरीने सहीनिशी पाठवलेलं पत्र ‘गव्हर्नर इन कौन्सिल’च्या (गव्हर्नर आणि त्याचं मंडळ मिळून) नावाने असतं, त्यात कौन्सिलचा निर्णय असतो, कारकुनी मसुदा असतो. गव्हर्नराचं स्वतःचं मत मिनिटात, म्हणजे त्याने स्वतःच्या नावाने लिहिलेल्या टिपणात, सापडतं. म्हणून मिनिट आधी वाचा, मग त्याला जोडलेली कौन्सिलच्या सभासदांची मिनिटं. डिसेंबर १८२३ चं शिक्षणावरचं मिनिट घ्या: त्याच्यासोबत कौन्सिलचा सभासद फ्रान्सिस वॉर्डनचा विरोध वाचला, की देशी भाषांतून शिकवायचं की इंग्रजीवर भर द्यायचा, हा खरा वाद उघडा पडतो. छापील निवडींत हे दोन आवाज वेगळे पडतात आणि एल्फिन्स्टन एकटाच बोलत असल्यासारखा वाटतो. मूळ कागद बघण्याला पर्याय नाही.

तेवढ्यानेही चित्र अर्धंच राहतं, कारण ज्यांच्यावर हे राज्य चाललं त्यांचे कागद मोडीत आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, बघायचे तर मोडी शिका किंवा मोडी वाचकाला सोबत घ्या. तारीख जुळवताना शकात ७८ मिळवा (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९). सुहूर सनात (मोडी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेलं वर्ष) ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे ८ + १० + २०० + १०००, अर्थात १२१८. नोव्हेंबरातलं पत्र असेल तर ते १८१७ चं, खडकीच्या महिन्यातलं. एप्रिलातलं असेल तर १८१८ चं, म्हणजे पेशवाई बुडतानाचं. एका आकड्याच्या चुकीने पत्राचा सगळा अर्थ बदलतो.

वारशाबद्दल लिहिताना ‘त्याने स्थापन केलं’ हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नका. कल्पना कोणाची, पैसा कुठून, काम सुरू झालं कधी, हे तिन्ही वेगवेगळं काढा. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या हिंदू कॉलेजचा पैसा पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेतला होता. एल्फिन्स्टन कॉलेजचा निधी त्याच्या निरोपाच्या वेळी, १८२७ मध्ये, लोकवर्गणीतून उभा राहायला लागला आणि वर्ग १८३५ मध्ये भरले. तोवर तो इंग्लंडात होता.

याउलट ज्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही तो वारसा कोर्टात आहे. १८२७ ची त्याच्या काळातली रेग्युलेशन्स (सरकारने केलेले कायदे) मुळातून वाचा. चौथ्या रेग्युलेशनचं कलम २६ देशातल्या वहिवाटीला निवाड्यात जागा देतं. आठवं रेग्युलेशन तर महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत अजून चालतं: वारस दाखल्याच्या अर्जावर ‘१८२७ चं मुंबई रेग्युलेशन ८’ असं लिहिलेलं दिसेल.