डाऊनी डोळ्याला दिसायच्या आधी कशी पकडायची

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी उरकली की आमच्या तासगाव भागात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ढग आलं का रं? आणि पानामागं पांढरं दिसलं की ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन पळापळ. पण ते पांढरं म्हणजे डाऊनीचे, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीचे बी, आणि ते दिसेपर्यंत रोग पानात शिरून चार-पाच दिवस, कधी आठवडासुद्धा झालेला असतो. म्हणून मोजायचं ते डागापासून नाही, पान ओलं झाल्यापासून.

आधी एक वही करा. पोंगा (छाटणीनंतरचा नवा कोंब) फुटला की रोज सकाळी सहाला बागेत जाऊन पानाच्या मागून हात फिरवायचा, ओलं लागलं की लिहायचं, आणि ऊन येऊन पान कितीला वाळलं तेही लिहायचं. पाऊसच पाहिजे असं नाही, दव आणि धुकं पण चालतं त्याला. डाऊनीचे बी पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि मागच्या बारीक छिद्रातनं आत घुसतात, त्यामुळं पान रात्रभर ओलं आणि हवा वीस-पंचवीस डिग्रीची असली की त्या तारखेला लाल गोल करायचा. (भुरी हा द्राक्षाचा दुसरा बुरशीचा रोग, तिचं गणित वेगळं, तिला पान ओलं लागत नाही.)

लाल गोलापासून चौथ्या दिवशी पिशवीची टेस्ट. दुपारनंतर दहा-बारा पानं तोडायची, पण चांगली चांगली नाही! बांधाकडची, सखल जागेतली, जिथं कॅनॉपी (वेलीचा पानोरा) दाट आणि वारा खेळत नाही तिथली. उन्हासमोर धरून बघायचं, कुठं फिकट तेलकट झाक वाटली तर ते पान आधी घ्यायचं. साध्या प्लॅस्टिक पिशवीत ओला करून पिळलेला कागद, त्यावर पानं, मागची बाजू वर, थोडी हवा ठेवून गाठ मारायची आणि रात्रभर अंधाऱ्या कपाटात. अंधार का, तर ही बुरशी बी धरते ती दमट हवेत आणि अंधारातच, उजेडात ठेवली तर काही कळणार नाही. मी पहिल्यांदा खिडकीत ठेवली होती, सकाळी पानं हिरवीगार, खुश झालो, आणि तीन दिवसांनी बागेत डागच डाग.

सकाळी उघडून मागं बघा. पांढरी कापसासारखी लव असली तर डाऊनी आत आहे, त्याच दिवशी आंतरप्रवाही (पानात शिरणाऱ्या) औषधाचा निर्णय घ्या, नुसत्या स्पर्शजन्यावर (पानावरच राहणाऱ्या औषधावर) बसू नका, ते आत शिरलेल्याला काही करत नाही. औषध निवडताना काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यात ठेवायचं अंतर) बघा, एक्स्पोर्टचा माल असेल तर आणखी जपून, आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावरचा सल्ला येतो तो पण वाचत जा.

काहीच आलं नाही तर सुटलो असं समजू नका, रोग अजून आत वाढत असेल, दोन दिवसांनी परत लावा. आदल्या दिवशी फवारणी झालेली पानं घेऊ नका, रिझल्ट फसतो. फुलोऱ्याच्या आसपास तर ही टेस्ट चुकवूच नका, तेव्हा घडावर आली की अख्खा घड जातो.

आणि बघून झाली की ती पानं बागेत फेकू नका राव, पिशवीसकट जाळा नाहीतर खोल पुरा. आमच्याकडं ती पिशवी घरच्या मसाल्याच्या कपाटात सापडली होती, तेव्हापासून मला गोठ्यातली जुनी पेटी दिलीय.