कोल्हापुरी चपलेचा अभ्यास कसा करावा

हस्तकलेसाठी नवे डिझाइन सुचवण्याआधी ती वस्तू कोण घडवते आणि कोण वापरते, हे पाहावे लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांनाही लागू आहे. तेव्हा केवळ कोल्हापुरातील दुकाने पालथी घालून अभ्यास झाला, असे मानू नये.

पहिले दोन दिवस प्रश्न न विचारता कारागिराच्या शेजारी बसावे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कसे कापले जाते, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने तळाचे थर कसे शिवले जातात, हे वहीत रेखाटनासह टिपावे. वेणी घालण्याचे काम बरेचदा घरातल्या बायका करतात. मात्र ‘कारागीर कोण?’ असे विचारले की पुरुषाचेच नाव पुढे येते, म्हणून मुलाखतीआधी निरीक्षण हवे.

मग वापरणाऱ्याच्या उंबऱ्यापाशी जावे. जुनी चप्पल उलटी करून टाच कोणत्या बाजूने झिजली, अंगठ्याचा ठसा किती खोल आहे, हे पाहावे. ‘आवडते का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी ‘शेवटची कधी घातली? पावसाळ्यात कुठे ठेवता?’ असे विचारावे.

छायाचित्रांसाठी परवानगी घ्यावी, आणि कारागिराचा कामाचा वेळ आपल्यामुळे मोडला असल्यास त्याची मजुरी द्यावी. पहिला नमुना त्याच्याच हातून करून घ्यावा आणि तो करताना त्याने केलेले बदल खोडू नयेत.