कुंडीतल्या मिरचीला शेणखत पण आणि १९:१९:१९ पण, कोकणात कसं जमवायचं

आपल्याकडे दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते रासायनिकचा दाणासुद्धा नको आणि दुसरी म्हणते शेणखताने काय होतंय, युरिया मारा. मिरची-वांगी-टोमॅटोच्या कुंड्यांपुरतं बोलायचं तर दोन्ही चालतं, फक्त दोन्हीकडून येणारा नायट्रोजन एकाच हिशोबात धरायचा आणि पाऊस बघून मात्रा ठरवायची. मुळांना शेवटी नायट्रेट नाहीतर अमोनियमच घेता येतं, ते पेंडीतून आलं की पिशवीतून, झाडाला काय फरक पडत नाही. फरक वेळेचा आहे, पेंड कुजायला आठवडे लागतात आणि विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं खत आज टाकलं की उद्या मुळाशी. १९:१९:१९ हे तसलंच, आकडे म्हणजे नायट्रोजन, फॉस्फेट आणि पोटॅशचे टक्के, याच क्रमाने.

म्हणून पाया सेंद्रिय ठेवा. आपली जांभ्याची लाल माती आंबट, त्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम एवढं की फॉस्फरस टाकला की धरूनच बसते, नुसती ती भरली तर कितीही खत घाला रोप खुरटंच राहतं. साधारण चार भाग माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि १२ इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड, अर्धी मूठ बोनमील (हाडांचा चुरा). कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. हे सगळं ओलं करून १०-१५ दिवस तसंच ठेवायचं मग रोप लावायचं, कारण पेंड कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजतात. सुक्या मासळीची कुटी पण मस्त खत आहे पण खोल पुरा, नायतर रात्रीत मांजरं सगळी कुंडी उकरून ठेवतील आणि शेजारीण बोलेल ते वेगळंच.

आता हिशोब. निंबोळी पेंडीत नायट्रोजन सुमारे ४-५ टक्के, युरियात ४६ टक्के, म्हणजे जे काम पेंडीच्या मुठीचं ते युरियाच्या चिमटीचं. लोक हातात बसतं तेवढं टाकतात आणि मग पानं काळपट हिरवी, खाली वळलेली, मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढलेला, फुलं गळतायत, आणि वर विचारतात मिरच्या का लागत नाहीत. कुंडीत युरिया नकोच म्हणेन मी. १९:१९:१९ घ्या, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम विरघळवलं की त्यात १९० पीपीएम, म्हणजे लिटरला १९० मिलिग्रॅम नायट्रोजन येतो, पायात शेणखत-पेंड असेल तर अर्धा ग्रॅमच पुरे, आठवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. कोरड्या कुंडीत खताचं पाणी ओतायचं नाही. कळ्या दिसायला लागल्या की १९:१९:१९ थांबवून १३:००:४५ द्या, त्यात पोटॅश जास्त. शेतातलं म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं पण त्यात क्लोराइड असतं, कुंडीला नको. सुफलाचे (दाणेदार मिश्र रासायनिक खत) दाणे घरात असतील तर खोडापासून लांब, कडेने पाच-सहा दाणे, बास.

काय कशात मिसळायचं नाही ते नीट बघा. जीवामृत (शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं आंबवण) आणि रासायनिक एका बादलीत नाही, मध्ये चार-पाच दिवस जाऊ देत, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीलाही तेच. रासायनिक टाकलं की सगळे जिवाणू मरतात असं नाही हां, पातळ डोसने काय होत नाही, खारट घट्ट पाण्याने होतं. चुलीतली राख किंवा चुना युरियाबरोबर किंवा ताज्या शेणाबरोबर टाकला तर अमोनिया होऊन नायट्रोजन हवेत जातो, वास येतो तो तोच. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटवालं विद्राव्य खत) एकत्र केलं तर पांढरा गाळ बसतो, दोन्ही फुकट, टोमॅटोचं बूड काळं पडतं म्हणून कॅल्शियम देत असाल तर ते वेगळ्या दिवशी.

पावसाचं गणित मात्र घाटावरच्या व्हिडिओत मिळणार नाही. जून ते सप्टेंबर जे विद्राव्य घालाल ते पागोळीबरोबर अंगणात, मग जुनी खालची पानं पिवळी पडतात. कुंड्या पडवीत किंवा पत्र्याखाली घ्या, पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत, आणि दोन दिवस उघडीप मिळाली की संध्याकाळी लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ पानांवर फवारा. खताची पुडी बरणीत घट्ट बंद, नायतर श्रावणात त्याचा दगड होतो. गणपतीनंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन, तेव्हा दोन्ही खतं नियमित चालू. एप्रिल-मेमध्ये उलटं, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, त्यात खताचं मीठ वाढवायचं नाही, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो बुडवून बघा आणि रासायनिक बंद करून नुसतं गांडूळखत आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा.

आणि टोकं करपली, मातीवर पांढरा थर आला तर अजून एक टॉनिक आणू नका. कुंडीच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी हळूहळू ओता, खालून निथळू दे, भोक बंद नाही ना बघा, आणि नवीन शेंडा हिरवा फुटेपर्यंत काहीच देऊ नका.