मेर्त्सन गोडमिट्ट होते? या चुका टाळा

सर्वात आधी एक गोष्ट: महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे. हा लेख जर्मनीत किंवा जिथे घरी बिअर बनवायची मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

मेर्त्सन म्हणजे मार्चची बिअर. १५५३ च्या बव्हेरियातल्या आदेशानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरात ठेवत आणि ती शरद ऋतूपर्यंत पुरवत. रंग तांबूस, वास भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखा, पण घोट संपताना तोंड कोरडं व्हायला हवं. ही शेवटची अट बहुतेकांच्या हातून निसटते. माझ्याही पहिल्या दोन खेपा पाकासारख्या झाल्या होत्या.

बिअर बनते माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून. तांबूस रंगासाठी कॅरॅमल माल्ट ओतणं ही पहिली चूक. त्याने रंग येतो, पण सोबत टॉफीचा गोडवाही येतो आणि तो पुढे काढता येत नाही. रंग आणि खरपूसपणा दोन्ही म्युनिक माल्टमधूनच यायला हवेत. मी निम्मं म्युनिक, तीस टक्के व्हिएन्ना आणि उरलेलं पिल्सनर माल्ट घेते. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, बव्हेरियातल्या हालरटाऊची, तीही बेताने. पिल्सनर माल्ट असल्यामुळे वॉर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, झाकण न ठेवता ९० मिनिटं उकळा. नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

कॅरॅमल माल्ट न घालताही बिअर गोडच राहिली तर? समजा, घनता (यीस्ट साखर खातं तशी ती उतरते) १.०५६ वर सुरू झाली, ती १.०१२ च्या आसपास यायला हवी होती आणि १.०२० वर अडली. इथे लोक घाबरून आणखी यीस्ट टाकतात. त्याआधी दोष मॅशचा, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या पायरीचा, की यीस्टचा हे कळायला हवं. त्याची सोपी चाचणी आहे. बनवण्याच्या दिवशीच पेलाभर वॉर्ट बाजूला काढा, त्यात भरपूर यीस्ट घाला आणि २५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून अधूनमधून हलवा. हा नमुना जिथे थांबेल ती त्या वॉर्टची मर्यादा. तोही १.०२० वरच थांबला, तर मॅश जास्त तापलं होतं. ती खेप आता सुधारणार नाही. पुढच्या वेळी ६५ अंश धरा, आणि थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, तेही पाहा. नमुना १.०१२ वर उतरला आणि मोठं भांडं अडलं, तर यीस्ट थकलंय. भांडं हळूहळू १५ अंशांवर आणा, तळाशी बसलेलं यीस्ट हलकेच ढवळा, पण हवा आत जाऊ देऊ नका.

यीस्ट थकतं, कारण आपण ते कमी घालतो. मेर्त्सन ही लागर, आणि लागर थंडीत आंबते, म्हणून तिला एलपेक्षा (उबेत आंबणाऱ्या बिअरपेक्षा) जवळपास दुप्पट यीस्ट लागतं. वाइहेनस्टेफानचं डब्ल्यू-३४/७० हे लागरचं कोरडं यीस्ट वापरत असाल तर २० लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं घाला. वॉर्ट कोमट असतानाच यीस्ट टाकून भांडं मग गार करायचा मोहही टाळा. आधी १० अंशांपर्यंत गार करा, मगच यीस्ट.

लोण्याचा वास येतो तो डायसिटिलचा, आंबताना तयार होणाऱ्या एका पदार्थाचा. आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस तापमान १६ अंशांवर न्या, म्हणजे यीस्ट तो वास स्वतःच खाऊन टाकतं. काम झालं का, हे नाकाने तपासा: दोन पेल्यांत थोडी बिअर घ्या, एक पेला झाकून २० मिनिटं ६० अंशांच्या पाण्यात ठेवा, गार करा, मग दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर अजून थांबा. हे पक्कं झाल्यावरच बिअर शून्य ते दोन अंशांवर सहा आठवडे मुरत ठेवा.

एक गैरसमज म्युनिकच्या मेळ्यातून येतो. १८७२ साली शॉटनहामेलच्या तंबूत मेर्त्सन दिली गेली आणि पुढे ऑक्टोबरफेस्टशी तिचं नाव जोडलं गेलं. आज मात्र त्या तंबूंमध्ये मिळते ती फेस्टबिअर, फिकट सोनेरी आणि चवीला हलकी. तिच्याशी तुलना करून आपली तांबूस बिअर चुकली असं समजू नका. तुलनेसाठी मेर्त्सन असं लिहिलेली बाटली आणा, आणि तारीख बघूनच आणा. जुन्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास शिरलेला असतो.