व्हँगेलिसचा तो ब्राससारखा आवाज घरच्या कीबोर्डवर कसा काढायचा

ब्लेड रनर हा चित्रपट सुरू होताना जो लांबच लांब ब्राससारखा (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा) आवाज उठतो ना, तो काढायला सगळे आधी प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, शोधत बसतात. मीपण दोन महिने तेच केलं, हाती काही लागलं नाही, कारण तो आवाज अर्धा मशीनमधे आहे आणि अर्धा तो वाजवणाऱ्या व्हँगेलिसच्या बोटांत आणि पायात.

व्हँगेलिस हा ग्रीक संगीतकार, जन्म १९४३, नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी पॅरिसमधे अफ्रोडाइट्स चाइल्ड हा बँड, मग सत्तरच्या दशकात लंडनला जाऊन स्वतःचा नेमो स्टुडिओ टाकला आणि तिथेच चॅरिअट्स ऑफ फायर (ऑस्कर त्याचंच) आणि १९८२ चं ब्लेड रनर, दोन्ही चित्रपटांचं संगीत केलं. समोर व्हिडिओवर पिक्चर चालू आणि हा बघत बघत वाजवतोय, अशी पद्धत.

त्याचं लाडकं वाद्य यामाहा सीएस-८० हा सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड). एका वेळी आठ स्वर, वजन असं की उचलायला दोघं तरी हवेत. पण खरी गंमत म्हणजे प्रत्येक पट्टीला वेगळा दाब कळतो, म्हणजे कॉर्ड धरून ठेवली आणि एकाच बोटाने जरा जास्त दाबलं की तेवढाच स्वर फुलतो. वर एक लांब रिबन आहे, बोट फिरवलं की सरळ मींड निघते, जी आपल्या पेटीवर जन्मात निघत नाही.

आता आपलं. सर्ज किंवा व्हायटल, कॉम्प्युटरवर चालणारे हे दोन सिंथेसायझर फुकट मिळतात, कुठलाही घ्या. दोन सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी, खरखरीत आवाजाची लहर) लावा, एक किंचित बेसूर करा, पाच-सात सेंट पुरे (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). लो-पास फिल्टर (आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग कापणारा) बराच बंद ठेवा आणि त्याच्या एन्व्हलपचा (वेळेनुसार फिल्टर उघडण्या-मिटण्याचा) अटॅक, म्हणजे उघडायला लागणारा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे स्वर आधी दबका येईल आणि मग उघडेल. रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) दीड-दोन सेकंद, हॉल रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखा घुमणारा आवाज) चार सेकंद, जास्त वाटला तरी राहू द्या. व्हायब्रेटो (स्वराची थरथर) सुरुवातीपासून नको, स्वर स्थिरावल्यावर द्यायचा.

साध्या कीबोर्डला दाब कळत नाही. मग मॉड व्हील (कीबोर्डच्या डाव्या बाजूचं फिरवायचं चाक) फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे तो किती उघडतो त्याला, जोडा, उजव्या हाताने स्वर आणि डाव्याने व्हील. एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल) असेल तर आवाज पायावर घ्या. पेटी वाजवणाऱ्यांना हे पटकन जमतं बघा, भात्याने स्वर फुगवायचा आणि सोडायचा हे त्यांच्या हातातच असतं, फक्त आता ते काम पायाला सांगायचंय.

आणि स्वर कमी वाजवा हो! एक लावा, तो पूर्ण उघडू द्या, मग पुढचा.

ऐकताना ब्लेड रनरचा १९९४ चा अल्बम घ्या. १९८२ मधे आला होता तो दुसऱ्याच ऑर्केस्ट्राने वाजवलेला, त्यात हा आवाज शोधत बसाल तर डोकं फिरेल.