पेपर क्रोमॅटोग्राफीत आरएफ मूल्य कसं काढायचं?

पेपर क्रोमॅटोग्राफी म्हणजे कागदावर चढणाऱ्या द्रावकाने (इथे पाण्याने) मिश्रणातले घटक वेगळे करणं, आणि आरएफ मूल्य म्हणजे घटकाचा ठिपका द्रावकाच्या तुलनेत किती वर चढला ते. सूत्र एका ओळीचं आहे. ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर. भागाकार सगळ्यांना येतो, गुण जातात ते मोजपट्टीचा शून्य चुकीच्या जागी ठेवल्यामुळे.

फिल्टर पेपरच्या पट्टीवर तळापासून २ सेंमीवर पेन्सिलने आडवी रेघ ओढा. पेनने नको, पेनची शाईसुद्धा पाण्याबरोबर वर चढते. रेघेवर काळ्या स्केचपेनचा बारीक ठिपका द्या. चंचुपात्रात जेमतेम १ सेंमी पाणी घेऊन पट्टी उभी टांगा. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग वर चढण्याऐवजी पाण्यातच उतरतो.

पाणी वरच्या टोकाला पोचायच्या आत पट्टी काढा आणि ओल जिथवर आली तिथे लगेच पेन्सिलने खूण करा. वाळल्यावर ती कड सापडत नाही. पाणी टोकाला टेकलंच असेल, तर नवी पट्टी घ्या.

आता मोजणी. दोन्ही अंतरं पेन्सिलच्या रेघेपासून मोजायची, पाण्याचं खुणेपर्यंत आणि ठिपक्याचं त्याच्या मध्यापर्यंत. समजा, पाणी ८.० सेंमी चढलं, आणि काळ्या शाईतून वेगळे झालेले रंग असे: निळा ठिपका ६.८ आणि गुलाबी ३.६ सेंमी.

निळा: ६.८ ÷ ८.० = ०.८५
गुलाबी: ३.६ ÷ ८.० = ०.४५

हेच कागदाच्या तळापासून मोजलं, तर दोन्ही अंतरांत २ सेंमी वाढतात आणि गुलाबीचं उत्तर ५.६ ÷ १०.० म्हणजे ०.५६ येतं. हे उत्तरही एकपेक्षा कमी, दिसायला अगदी बरोबर, म्हणून चूक लक्षातच येत नाही. उत्तर एकपेक्षा जास्त आलं, तर निदान कळतं तरी, बहुतेक भागाकार उलटा झालेला असतो! सेंमीला सेंमीने भागल्यामुळे एकक लिहायचं नाही. साध्या मोजपट्टीने मोजलं असेल, तर दोन दशांश स्थळं पुरेत.

रंगहीन पदार्थ असले तर आधी ठिपके दिसायला हवेत. कॉन्स्डन, गॉर्डन आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९४४ साली ही पद्धत मांडली ती अमिनो आम्लांसाठीच. त्यांवर निनहायड्रिन हे रसायन फवारून कागद तापवला की बहुतेक ठिपके जांभळे होतात. त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवा आणि मग मोजा.

शेजारच्या बाकावरचं उत्तर तुमच्याशी जुळलं नाही, तर आधी द्रावक विचारा. पाण्याऐवजी स्पिरिट वापरलं असेल, तर त्याच शाईची मूल्यं वेगळी येऊ शकतात. कागद आणि तापमान बदललं तरीही.