बॉयलरच्या इंटरलॉकवर विसंबताना या चुका टाळा

गळीत हंगामाच्या तोंडावर लातूर-धाराशिवकडच्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन थाटात होतं. धोका दिसताच बॉयलर आपोआप बंद पाडणाऱ्या इंटरलॉकची तपासणी मात्र पॅनेलवरच्या हिरव्या दिव्यावर उरकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकच संरक्षण तीनदा मोजणं. ड्रम लेव्हलचा, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी मोजणारा, जो ट्रान्समीटर पाणी सोडणारा फीडवॉटर व्हॉल्व्ह चालवतो, त्याच्याच रीडिंगवर अलार्म आणि त्याच्याच रीडिंगवर ट्रिप, म्हणजे बॉयलर आपोआप बंद होणं. ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, चोकली की तिन्ही एकदम आंधळे! म्हणूनच आयईसी 61511 हे कारखान्यांतल्या सुरक्षा यंत्रणांचं आंतरराष्ट्रीय मानक साध्या कंट्रोल सिस्टीममुळे धोका दहापटीहून जास्त कमी झाला, असं धरू देत नाही. शंभरपट हवा असेल तर ट्रिपचा सेन्सर आणि लॉजिक वेगळंच लागतं.

वेगळं बसवलं म्हणजे झालं, असंही नाही. 2005 मध्ये इंग्लंडातल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोलच्या टाकीचा गेज अडकला होता. जास्तीच्या पातळीचा स्वतंत्र स्विच होता, पण तोही चालला नाही. टाकी उतू गेली आणि स्फोट झाला.

त्यामुळे पीएलसीत (ट्रिपचं लॉजिक चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) सिग्नल फोर्स करून, म्हणजे हाताने खोटा भरून, 'ट्रिप ओके' लिहू नका. अधिकृत बॉयलर ऑपरेटर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवर नजर ठेवून असताना पातळी हळू उतरवा. आधी अलार्म, मग ट्रिप यायला हवी. बगॅस (उसाचा चोथा) भट्टीत टाकणारा फीडर आणि हवा देणारा एफडी फॅन दोन्ही खरोखर थांबले का, ते खाली जाऊन बघा. नुसता फीडर थांबून भागत नाही, जाळीवरचा बगॅस जळतच राहतो. दोन चाचण्यांमधलं अंतर दुप्पट केलंत, तर ऐनवेळी ट्रिप न लागण्याची शक्यताही साधारण दुप्पट होते.

आता जंपर, म्हणजे ट्रिप बायपास करणारी तार. रात्रपाळीत खोटी ट्रिप आली की "टाका जंपर, सकाळी बघू" ठरलेलं. ती सकाळ कधी कधी हंगाम संपल्यावर उजाडते. बायपासला लेखी परवानगी, नाव आणि मुदत हवीच. खोट्या ट्रिपचं कारण बहुधा साधं निघतं: ढिला टर्मिनल, जंक्शन बॉक्समध्ये पाणी, किंवा लोड बदलताना पातळी क्षणभर हलणं. शेवटच्यासाठी बॉयलर उत्पादकाला विचारून काही सेकंदांचा डिले देता येतो.

अलार्म वाढवून सुरक्षा वाढत नाही. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत 1994 च्या स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले होते.

बॉयलर बंद असताना ट्रिप ट्रान्समीटरची एक वायर काढून बघा. करंट 4 मिलीअँपिअरच्या खाली गेल्यावर पीएलसीने ट्रिप द्यायला हवी. आधीचंच रीडिंग स्क्रीनवर गोठून राहिलं, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करा.